शिंग, फूल आणि बुबुळ

'डोळ्यात फूल पडलं' हे जालना जिल्ह्यातल्या रोजच्या बोलण्यातलं वाक्य. सोंगणीत गव्हाचं कुसळ लागतं, सळयांच्या कारखान्यात लोखंडाचा कण उडतो, जखम चिघळते आणि बुबुळावर पांढरा डाग राहतो. तो डाग म्हणजे फूल. सुश्रुतसंहितेत या विकाराचं नाव 'शुक्र': व्रण असेल तर सव्रण, नुसता डाग असेल तर अव्रण. तो जिथे होतो ते कृष्णमंडल. आपण 'बुबुळ' म्हणतो तेही दिसणाऱ्या काळ्या भागालाच. पण तो रंग आतल्या पडद्याचा. त्याच्यावरचा पारदर्शक भाग वेगळा. मराठीनं दोन्हींना एकच शब्द दिला.

डॉक्टर त्या पारदर्शक भागाला कॉर्निया म्हणतात. लॅटिनमध्ये 'कॉर्नू' म्हणजे शिंग. शिंगासारखा चिवट म्हणून कॉर्निया. संस्कृत शृंग आणि आपलं शिंग त्याच कुळातले. ग्रीक 'केरास'ही शिंगच. त्यावरून झाला केरॅटोमिल्यूसिस, म्हणजे कॉर्निया कोरणं. स्पॅनिश नेत्रतज्ज्ञ होसे बाराकेर यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत मांडली. चष्मा घालवण्यासाठी करतात त्या 'लॅसिक' शस्त्रक्रियेच्या नावातला शेवटचा 'क' याच शब्दाचा.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पापुद्रा उचलून खालचा थर लेझरनं कोरतात आणि पापुद्रा परत बसवतात. मध्यभागी कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि कोरलेला थर पुन्हा भरून येत नाही. उरलेला भाग फार पातळ असला, किंवा कॉर्निया मुळातच कमजोर असला, तर तो हळूहळू पुढे फुगतो. ही 'एक्टेसिया', मूळ ग्रीक अर्थ ताणलं जाणं. शस्त्रक्रियेविनाच कॉर्निया शंकूसारखा होतो तो केरॅटोकोनस. पापुद्र्याखाली सूज आली तर बारीक कणांच्या लाटा दिसतात; डॉक्टरांमध्ये तिचं नाव 'सहाराची वाळू'. नसा कापल्या गेल्यानं डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो.

लॅसिकनं बहुतेकांना चांगलं दिसू लागतं. पण 'चष्मा घालवला' म्हणताना त्यातलं कोरणं झाकलं जातं. म्हणून शस्त्रक्रियेआधी स्पष्ट विचारा: माझ्या कॉर्नियाची जाडी किती, त्याचा नकाशा कसा आला, कोरल्यावर किती उरेल? घरात कुणाला केरॅटोकोनस असेल, डोळे चोळायची सवय असेल, तर तेही आधीच सांगा. उत्तरं नीट समजल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नका.