तेरा महिन्यांचा देश

सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून अनेक शिक्षक इथिओपियात गेले. १९७२ साली बी.एड. होताच पत्नी आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मीही गेलो. तिथे वर्ष तेरा महिन्यांचे, आणि आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक! ११ सप्टेंबर १९७४ रोजी तिथले नवे वर्ष लागले. दुसऱ्याच दिवशी लष्कराने सम्राटांना पदच्युत केले. पुढे वरच्या वर्गांतील मुलांना सरकारने साक्षरतेच्या कामासाठी खेडोपाडी धाडले. माझा अकरावीचा वर्ग ओस पडला. त्यांतली किती परतली, हे कळण्याआधीच आम्ही मायदेशी आलो. मेळाव्यात सर आपली हजेरी घेतील, तेव्हा माझ्या मनात ती अपुरी राहिलेली हजेरीही असेल.