भाच्याची मुद्रा

चीनच्या छिंगहाय प्रांतात, दुलानजवळच्या एका थडग्यात चांदीची एक लहानशी मुद्रा सापडली. तिच्या एका भागावर उंट आहे, तर दुसऱ्या भागावर तिबेटी अक्षरे. मजकुराचा आशय असा: भाचा, अझा राजा, याची मुद्रा.

अझा हे तिबेटी लोकांनी दिलेले नाव. चिनी इतिहासकार याच लोकांना तुयुहून म्हणत. ईशान्येकडच्या श्यानबेई टोळ्यांपैकी मुरोंग कुळातून फुटलेली ही शाखा चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेकडे सरकत छिंगहाय सरोवराच्या परिसरात आली. इथल्या कुरणांवर तिने उत्तम घोडे पोसले आणि रेशमाच्या व्यापारवाटांवर हुकमत मिळवली. हे वैभव दोन शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरले: पूर्वेला थांग साम्राज्य, दक्षिणेला तिबेट.

६६३ मध्ये तिबेटी सैन्याने हे राज्य जिंकले. राजा नोहेबो आपली चिनी राणी होंगह्वा हिच्यासह काही हजार तंबूंचा कबिला घेऊन थांग हद्दीत, ल्यांगजौला पळाला. ६७० मध्ये थांग फौजेने त्याला गादी परत मिळवून देण्याचा प्रयत्न केला. दाफेईच्वानच्या रणात तिचा धुव्वा उडाला. नोहेबोचा मुलगा मुरोंग झ थांगांची चाकरी करून ६९१ मध्ये वारला. गान्सू प्रांतातले त्याचे थडगे २०१९ मध्ये सापडले. त्यातला मृत्युलेख चिनी आहे.

मागे राहिलेल्यांना तिबेटने मिटवले नाही. अझांचा राजा गादीवर ठेवला, फक्त तो आता मांडलिक होता. मग सोयरीक झाली. तिबेटी वार्षिक नोंदींनुसार ६८९ मध्ये राजकन्या त्रिबांग अझा राजाला दिली गेली. तिबेटी राजकन्येच्या पोटी जन्मलेला वारस तिबेटी सम्राटाचा भाचा ठरे. भाच्याने मामाच्या घरावर शस्त्र कसे उचलायचे? उलट मामाने हाक दिली की सैन्य घेऊन जायचे.

साम्राज्ये तलवारीने गिळतात, हे आपण शाळेत शिकतो. पचवतात मात्र बहुधा नात्याने. ज्याला भाचा म्हटले, त्याला पराभूत म्हणावे लागत नाही. त्यालाही तसे वाटेनासे होते. या नात्यात मान खराच होता, नाहीतर ते चांदीत कशाला कोरले असते? पण मुद्रेवर राजाच्या आधी भाचा येतो.

एकाच घराण्याची ही दोन थडगी. एकाची ओळख चिनी लिपीत कोरलेली, दुसऱ्याची तिबेटी. उंट तेवढा कुठल्याच लिपीत नाही.