सर्पगंधा : एका शामक औषधाचा इतिहास

उन्माद व निद्रानाश यांवर सर्पगंधेची मुळी देण्याची प्रथा भारतात जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे शामक व रक्तदाब उतरविणारे असे दोन्ही गुण नोंदविले. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले, ते मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर. १९५२ साली स्वित्झर्लंडात मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे ते मनोरुग्णांनाही दिले गेले. मात्र विषण्णतेच्या तक्रारी व नवी औषधे यांमुळे हा वापर मागे पडला. ज्ञान कोठे प्रसिद्ध होते यावर त्याचे भवितव्य किती अवलंबून असते, हे मधल्या १८ वर्षांवरून दिसून येते.