विमानातील घड्याळ : वेळेवरून वाट काढण्याची विद्या

विमानविद्येच्या पहिल्या काही दशकांत वैमानिकाजवळ स्वतःचे स्थान थेट सांगणारे साधन नव्हते. होकायंत्रावरून दिशा आणि वेगदर्शकावरून हवेतील वेग कळे. परंतु किती अंतर कापले हे जाणण्यासाठी वेगाला गेलेल्या वेळेने गुणणे हाच मार्ग होता. ज्ञात ठिकाणापासून दिशा, वेग आणि काळ यांच्या हिशेबाने आपले स्थान ठरवण्याच्या या दर्यावर्दी पद्धतीला ‘डेड रेकनिंग’ म्हणतात, आणि तिच्यामुळेच घड्याळाला कॉकपिटमध्ये दिशादर्शक उपकरणाचा दर्जा मिळाला.

वाऱ्याचा परिणामही घड्याळच दाखवून देई. ताशी १०० मैल वेगाने जाणाऱ्या विमानाला ४० मैलांवरची नदी २४ मिनिटांत दिसायला हवी. ती ३० मिनिटांनी दिसली, तर जमिनीच्या संदर्भातील वेग ताशी ८० मैल भरतो, म्हणजे समोरून वीस मैलांचा वारा आहे हे उघड होते, आणि पुढच्या प्रत्येक खुणेची अपेक्षित वेळ त्यानुसार बदलावी लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता; अशा विमानात नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांचा मेळ घालूनच मार्ग राखावा लागे.

इंधनाचा हिशेबही वेळेतच मांडला जाई, कारण इंधनमापके भरवशाची नसत, किंवा नसतच. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हे सुमारे साडेतेहतीस तासांचे उड्डाण एकट्याने केले, त्या वेळी ते इंधनाच्या टाक्या तासांच्या हिशेबाने बदलत होते आणि उपकरणफलकावर पेन्सिलीने रेघा ओढून वापराची नोंद ठेवत होते; ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानाच्या फलकावर त्या खुणा पुढेही टिकून राहिल्या. तास सरला की पूर्वी काढून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे नवी दिशा धरायची, हाही त्यांचा क्रम होता.

समुद्रावर खुणा नसल्याने सूर्य-ताऱ्यांच्या वेधांवरून रेखांश काढावा लागे, आणि तेथे सेकंदालाही मोल होते : पृथ्वी चार सेकंदांत एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, फिरते, त्यामुळे घड्याळ अर्धा मिनिट चुकले तर विषुववृत्तावर सुमारे साडेसात सागरी मैलांची चूक होते. अमेरिकी नौदलातील अधिकारी पी. व्ही. एच. वीम्स यांनी यावर उपाय म्हणून आतील तबकडी फिरवून रेडिओच्या वेळसंकेताशी सेकंद जुळवता येणारे घड्याळ आखले. त्याच विचाराला पुढे नेत लिंडबर्ग यांच्या कल्पनेतून लाँजिन कंपनीचे ‘अवर अँगल’ घड्याळ १९३१ च्या सुमारास तयार झाले.

ढगांत शिरल्यावर स्टॉपवॉचचे महत्त्व आणखी वाढे. वळताना चुंबकीय होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून वैमानिक वळणदर्शकावर ‘प्रमाण वळण’, म्हणजे सेकंदाला तीन अंश हा दर राखी आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवी : तीस सेकंदांत नव्वद अंश, दोन मिनिटांत पूर्ण वर्तुळ. विमानतळाजवळ उतरण्याच्या परवानगीची वाट पाहताना ठरावीक बिंदूभोवती घिरट्या घालण्याच्या लांबट मार्गाचा सरळ भागही मिनिटानेच मोजला जाऊ लागला.

या कामासाठी वॉल्थम, स्मिथ्स, येगर अशा कंपन्यांनी कॉकपिटमधील यांत्रिक घड्याळे घडवली. त्यांतील बरीच ‘आठ दिवसांची’ असत, म्हणजे एकदा पूर्ण चावी दिली की आठवडाभर चालत. रात्री दिसावे म्हणून काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा लेप दिलेला असे, आणि कित्येकांवर निघण्याची वेळ दर्शवण्यासाठी फिरती खूण असे. स्प्रिंगवर चालणाऱ्या या घड्याळाला विमानाच्या विजेची गरज नव्हती, ही त्याची मोठी ताकद होती.

जुनी विमाने आज उडवणाऱ्यांसाठी ही पद्धत जिवंत शिस्त आहे : खूण ओलांडली की वेळ लिहायची, पुढच्या खुणेची वेळ आधी काढायची आणि फरक पडला की त्याचे कारण शोधायचे. केवळ उपकरणांवर विसंबून केलेल्या उड्डाणासाठी सेकंद दाखवणारे घड्याळ अमेरिकेच्या नियमांत आजही सक्तीचे आहे. उपग्रहांनी स्थान सांगण्याचे काम हाती घेतले असले, तरी त्या उत्तराची स्वतंत्रपणे पडताळणी करण्याची सोय वैमानिकाला या घड्याळानेच दिलेली आहे, आणि म्हणून जुन्या कॉकपिटमधील त्याचे स्थान शोभेचे मानणे हे विमानविद्येच्या इतिहासावर अन्याय करणारे ठरेल.