कॉलेजची फी कोण भरतं?

तायांनो, मी माकणीहून बोलतेय. तुमच्यासारखीच बचत गटातली, आता गटांची समन्वयक. बारावीचा निकाल लागला की आमच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पोरीला पुढं शिकवायचं म्हणतेस, पण पैसा?" आज त्या पैशाचाच इतिहास सांगते.

शंभर वर्षांपूर्वी गरिबाचं लेकरू शहरात शिकायला निघालं, तर फीच्या आधी दोन गोष्टी आडव्या यायच्या. राहायचं कुठं आणि जेवायचं काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखलं. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य मुलांसाठीही वसतिगृहं निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना बी. ए. साठी महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. पण ही राजाच्या मनाची गोष्ट होती. राजा चांगला निघाला, तर लेकरू शिकलं.

जिथं राजा नव्हता, तिथं बायकांच्या अंगावरचं सोनं गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून बोर्डिंग चालवलं. त्या मुलांना आईच्या मायेनं सांभाळलं लक्ष्मीबाईंनी. मुलांच्या पोटासाठी त्यांनी एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आज रयत शिक्षण संस्था एवढी मोठी दिसते, तिच्या पायात हे सोनं आहे.

पण किती जणींनी किती मंगळसूत्रं द्यायची? हा पैसा सरकारच्या तिजोरीतूनच यायला हवा, असं ठासून मांडलं ते बाबासाहेबांनी. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि त्याच वर्षी अस्पृश्य समाजाच्या तक्रारींचं लांबलचक निवेदन सरकारला दिलं. त्यात मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला होता. शाळेपुरतं शिकून भागणार नाही, मोठ्या जागी बसायचं तर कॉलेज पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारनं वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, ती हीच.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ होतं ते हैदराबादला, शिकवणं उर्दूत. १९४८ साली संस्थान मुक्त झालं. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. १९५८ साली मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ आलं. १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसी सवलत निघाली, म्हणजे जात कोणतीही असो, घरचं उत्पन्न कमी असेल तर फी माफ. पुढं मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झालं, एसटीचा पासही मोफत झाला.

आता माझं सांगते. बारावीपर्यंत आमच्या घरात फीचा प्रश्न आला नाही. बी. ए. ला नाव घालायला गेले, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "आधी सगळी फी भरा. सवलतीचे पैसे आले की परत मिळतील." आईनं कानातली फुलं गहाण टाकली. कमी पडले ते तिच्या गटानं अंतर्गत कर्ज म्हणून दिले. सवलतीचे पैसे आले दुसऱ्या वर्षी. तोवर व्याज वाढलं आणि आईची फुलं बुडाली. सोबतच्या दोघी बारावीलाच थांबल्या, त्यांच्या आयांच्या कानात फुलंही नव्हती. लक्ष्मीबाईंनी सोनं दिलं तेव्हा सरकारी योजना नव्हती. माझ्या वेळी योजना होती, फक्त पैसा वेळेवर नव्हता. उशिरा येणारा सरकारी पैसा पुन्हा बाईच्याच अंगावरचं सोनं मागतो.

आज योजना वाढल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्याजेवणासाठी २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आहे. पण फी माफ झाली म्हणून खोलीभाडं, मेस आणि पुस्तकं माफ होत नाहीत. शाहू महाराजांना १९०१ साली दिसलेला प्रश्न लातूरला, सोलापूरला शिकायला निघालेल्या आपल्या पोरीपुढं आजही आहे.

म्हणून आमच्या गटांनी दोन कामं अंगावर घेतली. एक, निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच बारावीच्या मुलींचे कागद तयार ठेवायचे: नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं. त्यासाठी लोहाऱ्याला एकटीनं खेटे घालायचे नाहीत, चौघींनी मिळून जायचं. दोन, प्रवेशाच्या महिन्यात गटाच्या कर्जात पहिला नंबर शिक्षणाचा. शिष्यवृत्ती जमा झाली की कर्ज फेडायचं. आणि पैसा अडला तर अर्जाचा नंबर घेऊन गटानंच कॉलेजात विचारायला जायचं.

तायांनो, हे पैसे कुणाचे उपकार नाहीत. ते कुणीतरी मागितले, भांडले, तेव्हा तिजोरीतून बाहेर आले. ते वेळेवर मागणं आता आपल्याकडं आलंय. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या गल्लीत यंदा बारावीला कोण आहे?