बाजूच्या दहा फुटांचा इतिहास

स्मरणिका म्हटली की संस्थेचा इतिहास आलाच. नोंदणी, पहिली कमिटी, पाण्याच्या टाक्या, गणपती, यांवर इतर मंडळींनी लिहिले आहे. मी लिहितोय ते आपल्या इमारतीच्या पूर्वेकडच्या मोकळ्या पट्टीबद्दल. दहा फूट रुंद, इमारतीच्या लांबीइतकी लांब. कुणाच्याही अ‍ॅग्रीमेंटमध्ये ती नाही, मेंटेनन्सच्या बिलात तिचा उल्लेख नाही. पण येत्या वार्षिक सभेत तिच्यावर मतदान आहे, तेव्हा ती आली कुठून हे सभासदांना ठाऊक असलेले बरे.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि मुंबई हादरली. शहरात चाळीला चाळ चिकटलेली, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी घरगल्ली, तिथेच मोऱ्यांचे पाणी आणि कचरा. खालच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे. 1898 साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही सगळी त्याचीच कामगिरी. पुढे या ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी उजेडाचा एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब साधा आहे. दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंची जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आभाळ दिसते.

गंमत अशी, की प्लेग अंधारामुळे पसरत नव्हताच. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमोंने 1898 मध्येच दाखवले होते, लोकांना पटायला वर्षे गेली. पण इमारतीभोवती जागा सोडायची ही गोष्ट नियमांत राहिली ती राहिलीच. आपली इमारत साधारण चाळीस फूट उंच. आपले दहा फूट आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचे दहा मिळून वीस. ऑरसाहेबांचा हिशेब आपल्याकडे अगदी काठावर पास होतो!

दुसरा धागा सहकाराचा. 1904 चा कायदा फक्त पतपुरवठ्याच्या संस्थांसाठी होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांना दार उघडले आणि 1915 साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, ती रावबहादूर तालमकींच्या प्रयत्नांतून. घर तुमचे, पण जमीन सगळ्यांची मिळून, ही कल्पना तिथून आपल्यापर्यंत आली. आमच्या बँकेत सगळ्यांच्या सह्या लागणाऱ्या जॉइंट अकाउंटचे जसे असते, तसेच. एकट्याने सही करून पैसे काढता येत नाहीत.

आता आपली पट्टी. ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने तिथे सगळा राडारोडा टाकून ठेवला होता. विटांचे तुकडे, घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या, फुटक्या लाद्या. शिवाय ड्रेनेजची चेंबर्स आणि उंदीर. तळमजल्यावरच्या ज्या दांपत्याच्या खिडक्या त्या बाजूला उघडतात, त्यांनी ते काम अंगावर घेतले. 'आमचं नाव छापायचं नाही' अशी काकांची अट आहे, नाहीतर काकू बोलू देणार नाहीत म्हणे. नाव न छापताही सगळ्यांना कळणारच आहे.

काका रेल्वेच्या वर्कशॉपमधले. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी घमेल्याने राडा उचलायचा, चाळायचा, बारीक रोडा बाजूला ठेवायचा, असे वर्षभर चालले. तो रोडा त्यांनी फेकला नाही, ठोकून पायवाटेखाली घातला. वरती लाद्या. त्या लाद्यांची गोष्ट वेगळीच आहे. कुणाच्या घरात टाइल्स बदलल्या की काका जिन्यात हजर. त्यामुळे त्या पायवाटेत पहिल्या मजल्यावरचा जुना ओटा आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा शहाबाद आहे, आमच्या हॉलची कोटाही आहे. बिऱ्हाड सोडून गेलेल्या दोन कुटुंबांच्याही फरश्या तिथे आहेत.

मातीची पातळी जोत्याच्या खाली हवी आणि उतार भिंतीपासून बाहेर हवा, यावर काका हटून होते. नाहीतर घरात ओल येते. चेंबरच्या झाकणांवर लावायचे नाही, फक्त कुंड्या, म्हणजे प्लंबर आला की सरकवता येतात. 26 जुलै 2005 च्या पावसात अर्धी माती वाहून गेली. नंतर त्यांनी कडेने विटा तिरप्या रोवल्या. त्या आजही तशाच आहेत.

झाडे काकूंकडे. सुरुवातीला हौसेने गुलाब आणि मोगरा लावला, दोन वर्षे फूल नाही. दोन इमारतींच्या मधे ऊन येते ते अकरा ते एक. "अहो, गुलाबाला ऊन तुम्ही वर्कशॉपमधून आणणार का?" असं म्हणून काकूंनी ते उपटले आणि सावलीत जगणारे लावले. नेचे, सोनटक्का, हळद, नागवेल. पाइपाजवळच्या ओलीत अळू. थोडे ऊन लागते त्या टोकाला गवती चहा, ओवा, अडुळसा. खोकला झाला की अडुळशाची पाने आणि पितृपक्षात अळूची पाने न मागितलेले घर या बिल्डिंगमध्ये नसेल.

तक्रारी झाल्याच. तळमजल्याने जागा बळकावली, असा अर्ज आला. त्यावर काकांनी कमिटीला चार ओळींचे पत्र दिले: ही जागा सर्व सभासदांची आहे, आमचा तिच्यावर कोणताही हक्क नाही, दार किंवा कुंपण घालणार नाही. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे तपासलेल्या माणसाला असे पत्र पाहून बरे वाटते. संस्थेच्या फायलीतला तो सर्वात स्वच्छ कागद आहे. खरे तर तेव्हा कन्व्हेयन्स झालेलेच नव्हते. जमीन कागदोपत्री बिल्डरकडेच होती. 2008 साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली, त्यानंतर पुढे ती आपल्या नावावर झाली. म्हणजे ही दोघे इतकी वर्षे माती उपसत होती ती दुसऱ्याच्याच जमिनीची.

आता प्रस्ताव असा आहे की पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून बारा दुचाकी लावायच्या. गाड्यांची अडचण खरी आहे, रात्री गेटबाहेर उभी केलेली गाडी सकाळी ओरखडलेली मिळते हे मलाही माहीत आहे. पण पेव्हरवर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत फारसे जिरणार नाही. ते चेंबरकडे धावेल, आणि आपली चेंबर्स पावसाळ्यात आताच काठोकाठ भरतात. खिडक्यांखाली बारा गाड्या सकाळी सुरू होतील तो धूर तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर जाईल. माझे मत विरोधात आहे, ते लपवायचे कारण नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. काका ऐंशीच्या पुढे गेले, उकिडवे बसवत नाही. काकूंचे गुडघे गेले. यंदा नेच्यांत तण माजले आहे आणि नागवेल पाइपावर चढली आहे. ठराव फेटाळला तरी बाग आपोआप राहणार नाही.

खुरपी, घमेले आणि झारी जिन्याखाली मीटरच्या कपाटाशेजारी असतात. किल्ली वॉचमनकडे आहे. रविवारी सकाळी काकू खिडकीत बसलेल्या असतात, काय उपटायचं आणि काय नाही ते तिथून सांगतात.