दुर्बीण आली होती, पण कशासाठी?

टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास सांगताना काचेची बशी आणि बाळ एवढंच सांगितलं जातं. त्याआधी बाईच्या अंडाशयातून बीज बाहेर काढावं लागतं, ती पायरी सांगण्यातून गळते. हा उपचार कुणापर्यंत पोचला आणि कुणापर्यंत नाही, हे मात्र त्याच पायरीवरून नीट कळतं. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमला जन्मलेल्या लुईझ ब्राऊनसाठी पॅट्रिक स्टेप्टो यांनी पोटात दुर्बीण घालून एकच बीज मिळवलं होतं. अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. त्यांनी इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, योनिमार्गातून छेद घेऊन काढली आणि गर्भ गोठवूनही ठेवला. सरकारी समितीनं त्यांचा दावा उडवून लावला; १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांना यश आलं, आणि पुढे मुखर्जींच्या नोंदी वाचून पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असं आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये लिहिलं. असा मोठेपणा आपल्याकडे क्वचितच दिसतो.

केईएम हे महापालिकेचं रुग्णालय, म्हणजे सुरुवात सार्वजनिक पैशांवर झाली. मग परळहून आमच्या जालन्यापर्यंत हा उपचार का आला नाही? यंत्र नव्हतं, असं म्हणता येत नाही. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याच दशकात ग्रामीण महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून दुर्बिणीची ऑपरेशनं होत होती. बीज काढायला लागणारी दुर्बीण खेड्यापर्यंत पोचली होती, पण नळ्या बंद करायला. मूल नसलेली बाई कुठल्याच उद्दिष्टात बसत नव्हती.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, तुलना चुकीची आहे. शिबिरातलं काम जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत उरकतं, तर बीज काढताना तेव्हा पूर्ण भूल लागे, आणि शेजारीच प्रयोगशाळा हवी. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीज काढावं लागतं. शिबिराच्या तारखेला अंडाशय जुमानत नाही. हा आक्षेप १९८६ पुरता मला मान्य आहे. पण त्याच सुमारास युरोपात योनिमार्गातून सोनोग्राफी करत सुईनं बीजं ओढून घेण्याची पद्धत रुजली. पोटाला छेद नाही, थोडी भूल, त्याच दिवशी घरी. एवढी मोठी अडचण दूर झाल्यावर तरी जिल्हा रुग्णालयात सोय व्हायला हवी होती. झाली ती प्रामुख्यानं खासगी केंद्रांची, मोठ्या शहरांत. प्रयोगशाळा महाग असते हे खरंच, पण काटेकोर काम जालन्याला नवं नव्हतं: बद्रीनारायण बारवाले यांची महिको ही बियाण्यांची कंपनी इथलीच, १९६४ ची, आणि संकरित बियाण्यांत परागकणाचाही हिशेब ठेवावा लागतो. गर्भाची प्रयोगशाळा वेगळी, पण जिथे मागणीमागे पैसा उभा राहिला, तिथे कौशल्यही आलं.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो: गरीब जिल्ह्यात आधी बाळंतपणं सुखरूप होऊ द्या, वंध्यत्व हा श्रीमंतांचा प्रश्न. इथे उलटंच आहे. नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा क्षयरोग आणि बाळंतपण-गर्भपातानंतरचे संसर्ग ही मोठी कारणं, आणि ती गरिबीच्या वाटेनंच येतात. अशा बाईला बीज काढण्याचा उपचार सर्वांत उपयोगी. परवडतो मात्र दुसऱ्यांनाच. खासगी बाजार वाढला तसा बीजदानाचाही व्यवहार वाढला, म्हणून या उपचारांवरच्या २०२१ च्या कायद्यानं बीजदात्रीला आयुष्यात एकदाच, आणि सातपेक्षा जास्त बीजं न काढता, ही मर्यादा घातली. बंधन योग्यच, पण ज्या बाईला स्वतःचं बीज काढून घ्यायचं आहे, तिच्यासाठी कायद्यात खर्चाची तरतूद नाही. जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आहे. त्याच्या स्त्रीरोग विभागात ही सोय मागायला आता यंत्राची सबब पुरणार नाही.